डोकं सहा अंश खाली

१ फेब्रुवारी, रविवार
निर्णय पक्का. खारघरच्या एका संशोधन संस्थेला दोन महिने नुसतं झोपून राहणारी माणसं हवी आहेत. पलंग पायथ्याशी उचललेला, डोकं सहा अंश खाली. अंतराळात शरीराचं जे होतं, ते असं झोपून जमिनीवरच होतं म्हणे. रक्त डोक्याकडे चढतं, पाय वाळतात, हाडं ठिसूळ होतात, हृदय आळशी होतं. त्यावरचे उपाय शोधायचेत. इतकी वर्षं उरणच्या कंटेनर यार्डात कागद तपासतोय. एकदा तरी देशाच्या कामी यावं. निवड चाचणी २८ला. साठलेली रजा टाकली. तोवर घरी सराव. सोसायटीच्या ग्रुपवर कळवून टाकलं.
अरुणा म्हणाली, अहो, झोपायचा सराव तुम्हाला कशाला लागतोय?
बायकोला विज्ञान समजावण्यात शक्ती घालवायची नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार
पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या. म्हणजे लेकीने, प्राचीने लावल्या, मी मोबाइलवर अँगल बघत होतो. पण डोकं आलं उत्तरेला. अरुणा हटून बसली, उत्तरेला डोकं करून जिवंत माणूस झोपत नाही. पलंग फिरवायचा तर आधी कपाट हलवायला हवं. मायलेकींनी हलवलं. मला ताकद राखून ठेवणं भाग होतं.

५ फेब्रुवारी
चेहरा सुजला. नाक चोंदलं. उत्तम! रक्त वर चढतंय.
झोपून वरणभात खाल्ला. थोडा कानात गेला. उद्यापासून पोळीचा रोल, चहा स्ट्रॉने.
संध्याकाळी फ्रीजपर्यंत एक स्पेसवॉक. अंतराळवीरही बाहेर पडतातच.

९ फेब्रुवारी
दिवाळे गावची कोळीण पुतळामावशी बोंबील घेऊन आली. दारातूनच मला बघून अरुणाला म्हणाली, ताई, मालक अजून निजलेलाच हाय? आमच्यात बालंतीनबी इतकी निजत नाय. दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. देश मागे राहतो तो अशाने.
बोंबील मात्र ताजे होते.

१३ फेब्रुवारी
उंची वाढली! अंतराळात पाठीचा कणा असाच लांबतो. दाराच्या चौकटीला टेकून प्राचीकडून खूण करून घेतली. बोटभर वाढ. प्राची म्हणाली, बाबा, टाचा टेकवा. टेकवल्या. मुद्दा तो नाही.
पाठ प्रचंड दुखते. मुद्दा तोही नाही.

१८ फेब्रुवारी
पंखा फिरतो, मी नाही. ही कूस, ती कूस, पुन्हा ही कूस. पायांना आतून मुंग्या. उठून थेट सीवूड्स स्टेशनपर्यंत पळत जावंसं वाटतं. गेलो नाही. निग्रह.
लिफ्ट बंद आहे. गव्हाचं पोतं अरुणाने पाच मजले चढवून आणलं. फारशी धाप लागली नव्हती. जड नसणार.

२४ फेब्रुवारी
पोटऱ्या मस्त बारीक झाल्या. पायजमा ढगळ होतो. निवड झाल्यातच जमा आहे.
अरुणा आज पलंगाच्या कडेला टेकली. म्हणाली, तुमची निवड झाली की दोन महिने सगळं मी एकटीनेच बघायचं ना? मी म्हटलं, मग आत्ता कोण बघतंय? ती उठली आणि माझा रिकामा कप धुवायला घेऊन गेली. माझ्या त्यागाने भारावली असावी.

२८ फेब्रुवारी, शनिवार
चाचणी. डॉ. नमिता म्हणाल्या, झोपा. उत्कृष्ट झोपलो. मग म्हणाल्या, आता थोडा वेळ नुसतं उभं राहा. उभा राहिलो. समोरची भिंत हळूहळू अंगावर आली.
डोळे उघडले तर जमिनीवर. डॉक्टरांनी विचारलं, हल्लीच मोठं आजारपण झालं का? अभिमानाने सराव सांगितला. त्या म्हणाल्या, काका, धडधाकट माणूस झोपवून त्याचं काय होतं, ते आम्हाला बघायचंय. तुमचं आधीच झालंय.
काका! माझ्याच वयाच्या असतील.
मला उचलून खुर्चीत बसवलं ते अरुणाने. एकटीने. डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. बायका कमी पडतायत म्हणे, तुम्ही देता का चाचणी? अरुणाने पर्स माझ्या मांडीवर ठेवली. मग चाचणीत उभ्या-उभ्याच प्राचीला फोनवर, गवार मोडून ठेव गं, सांगत होती. चक्कर नाही, काही नाही.

१० मार्च
‘आमच्या घरातून निवड झाली’ असं ग्रुपवर टाकलं. अभिनंदनं आली. कोणाची, ते कोणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. शेवटी तिला तयार मीच केलं.

२९ मार्च, रविवार
खारघरहून अरुणाचा फोन. आवाज इतका निवांत की आधी ओळखलाच नाही. कंटाळा येत असेल, म्हटलं. ती म्हणाली, छे हो, चहा उशाशी येतो आणि कप कोण धुणार ते माहीतही नसतं. मुदत वाढवून मिळेल का, विचारलंय.
मी म्हटलं, देशाचं काम आहे, अवश्य विचार.
फोन ठेवला. डाळीला शिट्ट्या किती, ते विचारायचंच राहिलं.