बाळ चालायला लागेपर्यंत

९ ऑक्टोबर
सकाळी बुद्धवंदना, मग कोर्ट. मध्यस्थीच्या खोलीत शिरताना काळा कोट बाहेर खुंटीला लावतो. आत आपण कुणाचेच वकील नाही, हे स्वतःला आठवावं म्हणून.
आज चौसाळ्याकडचं जोडपं. ती बाळंतपणाला माहेरी गेली ती परतलीच नाही. तान्हं तिच्याकडं राहील, यावर वाद नाही. वाद नऊ वर्षांच्या थोरलीचा. (नाव इथंही नको. ल.) दिवाळीनंतर दोघंही ऊस तोडायला निघणार, तो त्याच्या भावासोबत, ती तिच्या. ल. दोघांनाही सोबत हवी.
तो म्हणाला, "पोर माझी हाय. फडावर भाकर कोन थापंल?"
ती म्हणाली, "जन्मली तवा म्हनत हुता, पोरगीच कावून झाली. आता लई माया आली!"
तो खाली बघून हसला. मग पुन्हा भांडण.

१६ ऑक्टोबर
ल.शी एकटीशी बोललो. वेणीला दोन रंगांच्या रिबिनी.
"कुणाकडं राहायचंय तुला?"
"कुनाकडंच न्हाई. शाळंत. फडावर गेलेल्यांच्या पोरांची तिथं जेवायची-झोपायची सोय हाय. बाई म्हनल्या, तू ऱ्हा."
"सांगू आईला?"
"नका, काका. ती रडती."
या खोलीत एकानं सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, हा नियम. मोठ्यांसाठी केलेला. पण लहानांना तो लागू नाही, असं कुठं लिहिलंय?

२३ ऑक्टोबर
ल.चं नाव न घेता शाळेच्या वसतिगृहाचा विषय काढला. आईनं बाळाकडं बोट केलं.
"मला बी कळतं, सायेब. पन मी मोळ्या बांधू का ह्याला कडंवर घिऊन हिंडू? रांगत रांगत कोयत्यापाशी जातो हा. ती हाय म्हनून जीव थाऱ्यावर."
बाळ बापाच्या चपलेशी खेळत होतं. मग बाप म्हणाला, "घिऊन जा तिला. भाकरीचं मी बघतो."
मी घाईनं म्हणालो, "बाळ चालायला लागेपर्यंत. त्यानंतर ल. शाळेत." दोघांनी मान हलवली. तेच शब्द समझोत्यात लिहिले. तिच्यासाठी एक दार उघडं ठेवलं, असं वाटलं.
अहवालात लिहिलं, समझोता झाला. खोटं नाही. तरी संध्याकाळी पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाशी अडखळलो.

पौष पौर्णिमा
विहारात लहान पोरं त्रिसरण म्हणत होती. एकीच्या वेणीला तशाच रिबिनी. येताना हायवेला उसाचे ट्रॅक्टर, एकामागं एक. घरी जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "कोर्ट खुंटीलाच ठिवून येत जा की." तिला काही सांगितलेलं नाही. सांगता येतही नाही.

११ एप्रिल
ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. आज समझोता पाळला का, हे बघायची तारीख. ल. उन्हानं काळवंडलेली. रिबिनी नाहीत, केस कापलेले. हातावर उसाच्या पाचटाचे ओरखडे.
"बाळ आता चालतं, काका."
मी खूश. "मग जूनपासून शाळा. तसं लिहिलंय आपण."
"चालतं तवा पळतं बी. आदी रांगायचं, लगी धरता यायचं. आता ट्रॅक्टरमागं पळतं. आता तर लईच ध्यान द्यावं लागतं."
दोन मुलांचा बाप मी. हे मला सुचलं नव्हतं.
तेवढ्यात बाळ दारातून आत आलं. आई मागं उभी होती, पण ते ल.कडं गेलं. तिनं न बघताच हात मागं केला आणि त्याला धरलं.
आई त्याला घेऊन बाहेर गेल्यावर ल. हळूच म्हणाली, "मागं मी बोलले हुते ना शाळंचं, ते आता आईला सांगितलं तरी चालंल."
"रडणार नाही का ती?"
"आता न्हाई रडत ती. कशालाच."
सोमवारी दोघांना बोलावलंय. सांगायची परवानगी मिळाली. पण ऐकून आईनं मागच्यासारखी नुसती मान हलवली, तर ल. जूनमध्येही बाळामागंच पळत असेल.