हारनूरचा ठिपका

३ जून २००४, लातूर
उद्यापासून पहाटे पाचला उठणे. पुण्याच्या एका संस्थेचं काम मिळालंय: १९९१च्या जनगणनेतलं एकेक गाव नकाशावर बरोब्बर जागी बसवायचं. एका गावाला एक ठिपका. या शहरात फिजिक्सच्या सरांपुढं आईबाप हात जोडून उभे, भूगोलाच्या सरांना कुणी खुर्चीसुद्धा देत नाही. आता कळेल म्हणावं, पंचाक्षरी सर काय चीज आहे!

४ जून
उठलो नाही. लाइट गेली होती, डास लई.

११ जून
औसा तालुका फत्ते! हारनूर, म्हणजे माझी सासुरवाडीही उरकली. ST स्टँडवर गावाच्या पाटीखाली उभा राहून जीपीएसचं बटण दाबलं. मेहुण्यानं, मन्मथनं, चहा पाजला. जुन्या गावात येता का दाजी, म्हणाला. म्हटलं, त्या बाभळीत काय बघायचं? गाव तर इथं हाय.

१२ जून
सिंधुला कौतुकानं नकाशा दाखवला. तिनं हारनूरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, हे भूकंपानंतर वसवलेलं गाव. एक्क्याण्णवला इथं नुसती ज्वारी व्हती. माझ्या अव्वा-अप्पाला मोजलं जुन्या घरात, मेले बी तिथंच. तुम्ही त्यांना ज्वारीत का नेऊन बसवलं?
तांत्रिक बाब आहे, बायकोला काय कळणार. रागानं जेवलो नाही. तिनं वाढलंही नव्हतं.

१५ जून
चूक अशी नाहीच. तरी मोठ्या मनानं दुरुस्त करतो. सिंधुला घेऊन जाणार. त्याच घरात जन्मली, डोळे झाकून नेईल. वीतभरही फरक पडणार नाही.

२० जून, रविवार
सिंधु भूकंपानंतर आज पहिल्यांदाच जुन्या गावात आली, सोबत मन्मथ. तरातरा बाभळीत शिरली. इथं मठ, इथं आड, म्हणाली. मग थांबली. मागं फिरली. सगळे ढिगारे मशीननं सपाट केलेले, वर काटे. मन्मथा, आपलं दार कुणीकडं व्हतं रे, विचारत राहिली. त्याला ठाऊक न्हाई. तोही इतक्या वर्षांत आला नव्हता. एकट्याची छाती झाली न्हाई, म्हणाला. त्या दिवशी तुमच्यासंगं आलो असतो दाजी.
शेवटी ती मातीत बसली. अव्वा, घर सापडंना गं, म्हणून मोठ्यानं रडली.
मी जीपीएस बाहेर काढलं. ती बसली होती तिथंच बटण दाबलं.

२१ जून
तोच ठिपका पुण्याला पाठवला. प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री केली, असं कळवलंय.