लोणी फडताळात आहे

सूनबाई,

धाकट्या लेकीच्या बाळाला बघायला चालले आहे, संध्याकाळी येईन. तुला मुद्दामच उठवलं नाही.

काल तू दारात येऊन उभी राहिलीस आणि तासभर घुसळून माझ्या हाताला नुसता फेस लागला. वर मलाच शिकवलंस, पाणी कोमट आहे, माठातलं घाला म्हणून. चाळीस वर्षं रवी फिरवतेय मी. दोनदा पोट पडलेल्या बाईची नजर लागली की लोणी येत नाही, हे माझ्या सासूने मला पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं होतं. म्हणून आज तू झोपेत असतानाच घुसळलं. पाणी माठातलं घातलं, आणि दहा मिनिटांत हा एवढा गोळा वर आला. आता तूच सांग, कोणाचं खरं.

लोणी फडताळात आहे आणि फडताळाला कुलूप आहे. नवऱ्याकडे किल्ली मागू नकोस, ती मी बरोबर नेली आहे. पातेल्यात ताक आहे, ते तू घे.

ओट्याखाली बशीत थोडं लोणी काढून ठेवलंय. त्याला हात लावू नकोस, ते मांजरीचं आहे. ती बाळंतीण आहे.