वारुळाच्या पट्टीवरील भूछत्राची व्यवस्था

मी, भगवंत वल्द चंद्रभान, वय अंदाजे सत्तर, पातूर येथे एकतीस वर्षे पंतोजी होतो. दमा वाढला आहे. बुद्धी शाबूत आहे. हा मजकूर कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही, जरी सांगणारे पुष्कळ आहेत.

कलम एक. माझ्यामागे राहते घर, विहीर व नदीकाठचे शेत चिरंजीव खुशालराव यास द्यावे. त्याने मला कधी उपाशी ठेवले नाही आणि उलट उत्तर देणे कधी चुकविले नाही. दोन्हींबद्दल मी संतुष्ट आहे.

कलम दोन. त्या शेतालगतची वारुळाची पट्टी पार्वताबाई माळीण हिला आजपासूनच द्यावी. खुशालराव ती याच पेरणीस नांगरू पाहतो. म्हणतो, "बाबा, अमरावतीले कापसाले सोन्याचा भाव हाय, अन् तुमी छत्र्यांसाठी जमीन पडीत ठेवून राहिले." त्यास कारण लिहून ठेवतो.

त्या वारुळाभोवती श्रावणात करड्या टोपीचे, लांब मुळाचे भूछत्र उगवते. चिखलदऱ्यापर्यंत शोधले, अन्यत्र आढळले नाही. उकिरड्यावर उगवणारे, खाल्ल्यास ओकारी करणारे छत्र तेच हे, असे मी गावास सांगितले व दोन पावसाळे ते कुदळीने उपटविले. पुढे शंका आली, म्हणून दोन्हींच्या टोप्या कागदावर ठेवून झाकल्या. उकिरड्यावरच्या छत्राची हिरवट धूळ पडली. याची काहीच दिसेना. "यास बीज नाही," असे मी वहीत ठामपणे लिहिले.

पार्वताबाई भाजी घेऊन आली होती. म्हणाली, "पंतोजी, पांढऱ्या कागदावर पांढरी धूळ कशी दिसन जी? भिंग काय पुजाले ठेवलं?" तिने टोपी आपल्या काळ्या घोंगडीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी तीवर चाकाच्या आऱ्यांसारखी फिकट धूळ उमटली होती. छत्रे निराळी ठरली. माझी चूक इतक्या थोड्या शब्दांत कोणी दाखविली नव्हती. त्या उपकाराची ही अल्प फेड आहे.

हे भूछत्र खाण्यायोग्य आहे, असे मी म्हणत नाही. ते तपासलेले नाही.

कलम तीन. वही व भिंगही पार्वताबाईस द्यावे. वहीतील "भगवंतछत्र" हे नाव खोडून "पार्वताछत्र" लिहावे. चुलतबंधू नत्थुजी यांस भिंग पाहावयासही देऊ नये. त्यांनी त्या भिंगाने उन्हात चिलीम पेटविली आहे.

कलम चार. खुशालरावाची संमती त्याच्याच हाताने खाली घ्यावी.

मुक्काम पातूर, ज्येष्ठ शुद्ध पंचमी, शके १७८६.
सही: भगवंत वल्द चंद्रभान
साक्षी: पुंजाराम पाटील, पंजाबराव वल्द जयवंता

संमती: वरचं वाचलं. पट्टीले नांगर लावनार नाही. पार्वताबाईनं आज हद्दीवर चार दगडं रोवले. तीन म्याच उचलून देले.
— खुशालराव