उभं राहून सांगायचं

४ जुलै, सोमवार
अध्यक्ष झाले मी! शाळेच्या समितीची! दुसरीत शाळा सुटलेली बाई! नात हसून लोळली. "आजी, आता तुला मॅडम म्हणू?" म्हटलं, म्हण की, फुकट आहे. काय गोड हसते मेली – वरचा सुळा अजून यायचाय. कंबर मात्र मोडली. दोन्ही वर्ग आम्हीच झाडले. गावाच्या वाटेवरच्या सीमेच्या चौकीवर जवानांनी रस्ता अडवला की मास्तर तिथूनच माघारी – म्हणजे आठवड्यातले चार दिवस. मग आम्ही आयाबायाच पाळीपाळीने शिकवतो. शिंपीण भाषा, मी गणित. कसलं गणित म्हणा!

११ जुलै, सोमवार
शिक्षण खात्याच्या साहेबाचं पत्र. वीसच्या खाली पोरं गेली की शाळेला कुलूप. आमची मोजून वीस! आणि नेमकी शिंपीण म्हणते, मुलाला बहिणीकडे धाडते. मी तिथल्या तिथे नियम काढला – ज्याला पोर काढायचंय, त्याने सगळ्या पोरांसमोर उभं राहून सांगायचं, का ते. शिंपीण उभी राहिली. पोरं टकामका बघायला लागली. बसली खाली! जाताना म्हणते, "अध्यक्षीणबाई, भारी आहात हं तुम्ही."
मला फार बरं वाटलं. चहा दोनदा घेतला.

१९ जुलै
गुडघे. बाकी काही नाही.

२ ऑगस्ट, मंगळवार
मुलगा आला शहरातून. नातीला तिच्या आईकडे न्यायला. म्हटलं, अरे, एकोणीस होतील! तो शांतपणे म्हणाला, "आई, चौथीत आहे ती. चौऱ्याऐंशी भागिले सात विचार." विचारलं. पोरीने बोटं मोजली, पाटी पुसली, परत मोजली. मग माझ्याकडे बघितलं. मला तरी कुठे येतं!

३ ऑगस्ट
उभी राहिले. नियम माझाच. तिला आईशिवाय करमत नाही, असं सांगायचं ठरवून गेले होते – शब्द ओठांवर होते. पण समोर शिंपीण, शेजारी तिचा मुलगा. मग खरं तेच निघालं तोंडून – "हिला भागाकार येत नाही. कारण गणित मी शिकवते."
नात दुपारच्या गाडीने गेली.

४ ऑगस्ट
सकाळी शाळेच्या दारात पाच आया. शिंपीण पुढे. म्हणे, आम्हालाही उभं राहायचंय – पोरं काढायला.