बंद घरांची यादी

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ७.
संकल्प. राजारामपुरीतल्या जुन्या बंगल्यांचं संपूर्ण छायाचित्रण. गोल गॅलऱ्या, सिमेंटच्या जाळ्या, गेटवरचे उगवते सूर्य, कपाळावर साल कोरलेली घरं. एकेक पडतंय आणि तिथं फ्लॅट उठतायत. कुणीतरी नोंद ठेवायला हवी. नोंदी ठेवण्यात माझा हात कुणी धरणार नाही, सरकारी कचेरीत तेहतीस वर्षं तेच केलं. मार्चअखेर शंभर घरं. मग प्रदर्शन.
मुलाचा, अभिनंदनचा, जुना कॅमेरा कपाटात सापडला. चालतो.
त्रिशला नातीला सांभाळायला पुण्याला गेली त्याला सात महिने झाले. मोना बालवाडीत गेली की परत येणार आहे. काल म्हणाली, तुम्हीच या की इकडं, अभिनंदन पण म्हणतोय. म्हटलं, मला वेळ कुठाय. आता तर खरंच नाही.

३ जानेवारी, शुक्रवार.
यूट्यूबवर एक तज्ज्ञ सांगतो, इमारतीचा फोटो सूर्यास्ताआधीच्या तासातच काढावा. गोल्डन अवर.
अडचण. आम्ही जैन, सूर्यास्ताआधी जेवायचं, पिढ्यान्‌पिढ्यांचा नियम. पावणेसहाला त्रिशलाचा फोन येतो, "जेवलात का?" म्हणजे जगातला सर्वोत्तम प्रकाश राजारामपुरीवर पडतो तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून आमटीभात खात असतो. आमच्या घराण्यात कुणी फोटोग्राफर का झाला नाही, ते आज कळलं.
तोडगा: उद्यापासून पाचला जेवायचं.

४ जानेवारी, शनिवार.
पाचला भूक नव्हती. पावणेसहाला चौथ्या गल्लीत एका गॅलरीखाली उभा होतो. फोन आला. जेवलो म्हटलं. तत्त्वतः जेवणारच होतो. घरी पोचेपर्यंत अंधार. नियम म्हणजे नियम, जेवलो नाही. पाणी पण नाही.
फोटो तीन. दोन हलले.

९ जानेवारी, गुरुवार.
प्रतिसाद अफाट. सहाव्या गल्लीत कॅमेरा काढला तशा एक बाई बाहेर आल्या आणि गॅलरीला पत्रे का मारले ते सांगू लागल्या. पावसाचं पाणी आत येतंय ओ, म्हणाल्या, परवानगीचा अर्ज दिलाय की. शेजारच्या घरातले गृहस्थ आतूनच म्हणाले, "पावणं, आधी चा घ्या, मग मोजमाप." दोघांनाही मी महापालिकेचा माणूस वाटलो असणार. गळ्यात कॅमेरा, हातात फाईल, खिशाला पेन.
मी खोटं बोललो नाही. नाही म्हणालो नाही, एवढंच. चहा दोन ठिकाणी झाला. त्या गृहस्थांनी जिन्याची अख्खी हकिकत सांगितली. तासभर बसलो. आवाज बसलाय माझा, इतकं बोलायची सवय राहिली नाही.

१५ जानेवारी, बुधवार.
फॅमिली ग्रुपवर अकरा फोटो टाकले. अभिनंदनचा अंगठा. सूनबाई आदितीचा अंगठा. त्रिशलानं फोनवर विचारलं, गॅसची शेगडी पुसता का. कलेवर बोलली नाही. बहुतेक भारावली असावी.

२२ जानेवारी, बुधवार. दुपारी.
नवा विभाग उघडला: बंद घरे. फोटोत ती छान येतात, मध्ये कुणी येत नाही. माझी नजर आता इतकी तयार झालीय की रस्त्यावरूनच घर बंद आहे का सांगतो. खुणा पाच. गेटच्या सळ्यांत अडकलेली क्लासची पत्रकं. पायरीवर वाळका पाला. दिवसा जळणारा बाहेरचा दिवा. खिडक्या सगळ्या लावलेल्या. आणि गच्चीवर रिकामी दोरी. दोरी सगळ्यात खात्रीची, माणूस आहे तिथं धुणं आहे. पाचपैकी तीन जुळल्या तरी घर बंद समजावं.
आजअखेर बंद घरे चौदा. वाईट वाटतं अशी घरं बघून. माणसं लेकरांच्या मागं निघून जातात आणि घर तिथंच राहतं.

३० जानेवारी, गुरुवार.
वेळ वाचवण्याचे उपाय. एक, खिडक्या उघडायच्याच नाहीत, रोज उघडझाक कोण करणार. दोन, बाहेरचा दिवा कायम चालू, परतल्यावर कुलूप दिसतं. तीन, एका माणसाच्या कपड्यांसाठी गच्ची चढायची नाही. खुर्चीच्या पाठीवर वाळतात.
जेवण: बिस्किटं. चारला खाल्ली. बिस्कीट हे जेवण आहे की नाही यावर दोन मतं असू शकतात. त्रिशलाला जेवलो म्हणूनच सांगितलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार.
कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या पिराजीनं हाक मारून मोबाईल दाखवला. आठव्या गल्लीच्या ग्रुपवर माझा फोटो फिरतोय. खाली मजकूर: सदर इसम बंद घरांची पाहणी करत आहे, सर्वांनी सावध राहावे. पिराजी म्हणाला, "काका, म्या सांगितलं समद्यांस्नी, आपलाच माणूस हाय, चोर न्हाय. पर तुमी बंद घरं कशाला लिवून घेताय ओ?"
फोटो अतिशय सुमार. माझ्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय आणि पाय कापलेत. काढणाऱ्याला फ्रेमिंगचा गंध नाही. तरी माझा फोटो कुणी काढल्याला वर्ष तरी झालं असेल. पिराजीकडून मागून घेतला.
आता आठव्या गल्लीत चहा मिळत नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार.
देवळाच्या वर्धापनदिनाची पत्रिका सगळ्या जैन घरांत पोचली, पिराजीकडं इस्त्रीला येणाऱ्यांच्या हातात पाहिली. नऊ मार्चला आहे. मला नाही. इतकी वर्षं पहिल्या दिवशी येत होती, त्रिशला कुंकू लावून देव्हाऱ्यापाशी ठेवायची. "तुमास्नी आली न्हाय व्हय?" पिराजीनं विचारलं. येईल म्हटलं. हल्ली व्यवस्थापन कुणाला जमत नाही.
मोनाची बालवाडी जूनला. त्रिशला म्हणाली, मग ती रमेपर्यंत थांबावं लागेल. थांब की, म्हटलं. माझी साठच घरं झालीत.

१ मार्च, शनिवार.
अखेर कदर झाली. अभिनंदनचा मेसेज: पप्पा, मोना रोज आजोबांचं घर कुठंय विचारते. आपल्या घराचा एक चांगला फोटो पाठवा, फ्रेम करून तिच्या खोलीत लावतो.
साठ घरं काढली, आपलं राहिलंच होतं. उद्या संध्याकाळी, गोल्डन अवरला. एक्कावन्न साली आजोबांनी बांधलेलं, गेटवर सूर्य, वर गोल गॅलरी. ह्यासारखं घर गल्लीत नाही.

२ मार्च, रविवार. संध्याकाळी ६.
सव्वापाचला समोरच्या फुटपाथवर ट्रायपॉड लावला. प्रकाश तज्ज्ञानं सांगितला होता अगदी तसा. गॅलरीवर पिवळं ऊन.
फोटोच्या चौकटीत एक बाई आल्या. हातात पत्रिकांचा गठ्ठा. गेटपाशी थांबल्या, वर बघितलं, कागदावर काही खूण केली आणि रस्ता ओलांडून माझ्याकडं आल्या. अनुजा नाव, गल्लीत नव्या राहायला आल्यात, राहिलेल्या घरांच्या पत्रिका त्यांच्याकडं दिल्यात. सांगू लागल्या, "तिसऱ्यांदा आलो बघा ह्या घराकडं. कवा बी या, बंदच. कुणी ऱ्हात न्हाय वाटतं काका, आता यादीतनंच काढायला सांगतो."
मी यादी बघायला मागितली. सतरावं नाव माझं. पार्श्वनाथ मगदूम. पुढं पेन्सिलीनं: बंद. अक्षर चांगलं होतं.
मग मी समोर बघितलं. पत्रकं, पाला, दिवा, खिडक्या, दोरी.
त्यांनी विचारलं, तुमी कुठल्या घरातलं? म्हटलं, फोटो काढायला आलोय. त्यांनी गठ्ठ्यातली एक पत्रिका दिली. "या काका जेवायला. काकूंना घेऊन जोडीनं या. दिवस मावळायच्या आत पंगत हाय." त्या कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबलो. त्यांच्यादेखत कुलूप उघडायचं धाडस झालं नाही.
फोटो काढला नाही. वहीत नोंद केली. घर क्रमांक एकसष्ट. खुणा, पाचपैकी पाच.
पावणेसहाला फोन आला. त्रिशलानं विचारलं, जेवलात का?
नाही म्हटलं. कधीपासून नीट जेवलो नाही ते पण सांगितलं. आणि मला इथं करमत नाही, असं म्हणालो.
फोन ठेवू नका, म्हणाली. मी ठेवला नाही. मागं मोना कुणाला तरी काहीतरी विचारत होती.