उशिरा पोचलेला डबा

रविवार, ७ डिसेंबर. सानपाडा.

आबा, तुम्ही गेल्यापासून मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, माफ करा. रोजची वही लिहिते, तिच्यात भाजीपासून भांडणापर्यंत सगळं असतं, तुम्ही मात्र नसता. आज लिहिते तेही आठवण आली म्हणून नाही, भीती वाटते म्हणून. डॉक्टरांनी मला इन्सुलिन घ्यायला सांगितलं आहे. पेन आणून एकोणीस दिवस झाले. फ्रिजच्या दारात आहे, लिंबांशेजारी, तुमची इन्सुलिनची बाटली असायची तसंच.

डॉक्टर म्हणाले, सुई केसाएवढी असते मॅडम, कळणारसुद्धा नाही. मी मान डोलावली. सुईचं काही नाही, हे त्यांना सांगता आलं नाही. इन्सुलिन म्हटलं की मला तुर्भ्याच्या बाजाराचं गेट दिसतं. तुम्ही पहाटे हमालीला जायचात, बाटली छोट्या थर्मासात घालून. डबा नऊला पोचवायचं काम माझं, तुमच्या पोरीचं. टोचल्यावर लगेच खावं लागायचं, पण मी कधी चुकत नाही म्हणून तुम्ही पावणेनऊलाच टोचून घ्यायचात. आणि हमालांच्या टोळीचा नियम असा की मालाची गाडी अर्धी उतरवून कोणी बसायचं नाही.

त्या दिवशी मी कॉलेजात फॉर्मच्या रांगेत अडकते. दहा वाजून जातात. डबा घेऊन बाजारात येते तेव्हा मैत्रीण बरोबर आहे. तुम्ही गेटपाशी, बारदानाच्या थप्पीला टेकून बसला आहात. शर्ट घामाने चिंब, मान एका बाजूला, नजर माझ्यावर पण मला न बघणारी. मी डबा तुमच्या पायाशी ठेवते तर जड जिभेने विचारता, "कोण हाय?" मैत्रीण हळूच म्हणते, "सकाळी सकाळीच घेतलीय वाटतं. कोण गं हे?"

"आमच्या गावाकडचे आहेत," मी म्हणाले, आणि तिला घेऊन निघाले. मागे वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी तुम्ही डबा धुऊन घरी आणलात. मी तुमच्या रागावण्याची वाट बघत होते. मीच रागावलेली होते, म्हणून जरा खुमखुमीही होती. तुम्ही म्हणालात, "डबा पोचला न्हवं, बास." मी वहीत लिहिलं, आबा दारू प्यायला लागले. ते पान अजून आहे. तुमच्या दहाव्याला टोळीचे मुकादम मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, तुम्ही गेटवर डबा ठेवून गेलात त्या दिवशी तुमचा बा प्यालेला नव्हता. साखर उतरली हुती. गाडी अर्धी, पोटात काय न्हाय. मीच गूळ घातला तोंडात. पोरीला सांगू नका म्हनला, डबा उशिरा आला म्हणून तिच्या मनाला लागंल."

म्हणजे तुम्ही मला ओळखलं होतंत की नव्हतं, हे मला अजून कळलेलं नाही. मुकादमांना विचारायचं धाडस झालं नाही.

आता मी आठवीला शिकवते. फळ्याकडे तोंड करून उभी असताना खडू हातातून निसटला, शब्द सापडेना, आणि मागे मुलं एकमेकांकडे बघायला लागली, एवढंच डोळ्यासमोर येतं. त्याहून वाईट म्हणजे लेक. ती माझ्या त्या वेळच्या वयाची आहे. एखाद्या दिवशी स्टेशनबाहेर मी अशी बसलेली तिला दिसले आणि तिच्यासोबत कोणी असलं तर? ती निघून गेली तर तिला दोष द्यायला माझ्याकडे जागा नाही.

पण खोटं लिहायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते. इन्सुलिनने तुमचं वाटोळं केलं नाही. त्याआधी तुमच्या टाचेची जखम भरत नव्हती, जिना चढताना तुम्ही मधे बसायचात. नंतर तुम्ही पुन्हा पोती उचललीत, खांद्याला थर्मास अडकवून गावच्या जत्रेला गेलात. घड्याळाला बांधले गेलात हे खरं. पंगतीत पहिलं ताट मागून घ्यायची तुम्हाला लाज वाटायची. पण त्याच घड्याळाने तुम्हाला माझ्या लग्नापर्यंत आणलं. चूक औषधाची नव्हती. साखर उतरली की माणूस कसा दिसतो, हे मुकादमांना माहीत होतं आणि घरात कोणालाच नव्हतं. तुम्ही ते पहिल्यापासून लपवलंत, माझ्यासाठी लपवलंत, आणि त्यामुळेच मी तुम्हाला टाकून गेले. हे लिहिताना मी तुमच्यावर ढकलते आहे का? थोडं ढकलते आहे.

हे वहीतच राहणार, म्हणून एक सांगून टाकते. घरी मी सांगितलं आहे की इन्सुलिन सुरू केलं. रोज सकाळी पेन घेऊन बाथरूममध्ये जाते, कडी लावते, दोन मिनिटं नळ सोडून उभी राहते आणि बाहेर येते. पेनाचं सील अजून तसंच आहे.

उद्या: लेकीला समोर बसवून गेटची गोष्ट सांगायची, आणि पहिलं टोचणं तिच्यासमोर.